कुंभाराचे चाक आणि पवनचक्की

पनवेलजवळचे, आज उरण तालुक्यात असलेले चिरनेर हे गाव बहुतेकांना माहीत असते ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. गावाची दुसरी ओळख मातीकामाची आहे. इथले कुंभार मडकी घडवतात, गणपती घडवतात. आता बऱ्याच ठिकाणी चाकाला विजेची मोटर बसली आहे. पण जुन्या पद्धतीचे चाक ज्यांनी पाहिले असेल त्यांनी एक गोष्ट आठवून पाहावी. कुंभार चाकाच्या खाचेत काठी घालून ते जोरात फिरवतो, मग काठी बाजूला ठेवतो आणि दोन्ही हात मातीच्या गोळ्याला लावतो. हात मातीत गुंतलेले असताना चाक फिरवायला कुणी नसते. तरी मडके होईपर्यंत ते फिरत राहते. मधेच गोळ्यावर हात जरा जोरात दाबला गेला तरी चाक एकदम थांबत नाही, किंचित मंदावते आणि कुंभाराला सावरायला वेळ देते.

चाक जड का असते आणि त्याचे वजन कडेला का असते, हे मुलांना विचारले तर उत्तर सापडते. काठीने दिलेली ऊर्जा त्या जड कडेत साठते. ही साठवण थोडीच असते, पण अगदी हाताशी असते.

विजेच्या जाळ्याचा इतिहासही असाच साठवणीचा इतिहास आहे. वीज साठवता येत नाही, ती वापरायची त्याच क्षणी तयार करावी लागते, असे आपण शिकवतो. ते खरे आहे, पण अर्धेच. विजेच्या आधी आणि विजेच्या मागे काही ना काही साठवलेले असतेच. नसते तर एक फांदी तारेवर पडताच सगळे जाळे कोसळले असते. हे आपल्या लक्षात आले नाही, कारण ही साठवण सत्तर-ऐंशी वर्षे फुकट मिळत होती. पवनचक्क्या आल्या तेव्हा तिची किंमत कळली.

घाटमाथ्यावरची तळी

चिरनेरहून पूर्वेकडे सह्याद्रीची रांग दिसते. तिच्या पायथ्याशी खोपोली येथे फेब्रुवारी १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. मुंबईच्या कापडगिरण्या तोवर बहुतांशी कोळशावर, वाफेच्या एंजिनांनी चालत. लोणावळ्याच्या परिसरात पावसाळ्यात कोसळणारे पाणी वळवण, लोणावळा आणि शिरोटा या तलावांत अडवायचे, नळांतून घाटाखाली सोडायचे आणि वीज करून मुंबईला न्यायची, अशी ती योजना होती. पुढे १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरी आणि १९२७ मध्ये कोलाड-माणगावच्या बाजूला भिरा ही केंद्रे सुरू झाली.

सह्याद्रीत पाऊस पडतो चार महिने, गिरण्या चालतात बारा महिने. म्हणून खोपोलीची योजना ही मुळात साठवणीची योजना होती. मुळशीचे पाणी भिऱ्याला सुमारे पाचशे मीटर खाली येते. वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो. ते पाचशे मीटर खाली येते तेव्हा त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ४९ लाख जूल, म्हणजे जवळजवळ १.३६ युनिट भरते. यंत्रांतील घट वजा जाता सव्वा युनिटाच्या आसपास वीज हाती लागते.

या साठवणीची किंमत कुणी दिली हेही सांगायला हवे. मुळशी धरणाखाली जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यातले प्रमुख. धरण झाले, जमिनी गेल्या. वीज मुंबईला, पाणी मावळच्या शेतांवर, हा व्यवहार पुस्तकातल्या कार्यक्षमतेच्या सूत्रात दिसत नाही.

जनित्राचे वजन

दुसरी साठवण कुणी मुद्दाम केली नव्हती. खोपोलीची, भिऱ्याची किंवा पुढे तुर्भ्याच्या औष्णिक केंद्रातली जनित्रे म्हणजे लोखंड-तांब्याचे प्रचंड भोवरे. मोठ्या औष्णिक केंद्रातला भोवरा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेची ५० हर्ट्झ ही वारंवारता त्यातूनच येते. जलविद्युत जनित्रे सावकाश फिरतात, पण त्यांत चुंबकीय ध्रुवांच्या जोड्या जास्त असल्याने वारंवारता तीच राहते. एका जाळ्यातली अशी सर्व जनित्रे एकमेकांशी पाऊल जुळवून फिरतात, जणू अदृश्य साखळीने बांधलेली.

पाचशे मेगावॅटच्या एका संचाच्या फिरत्या भागात साधारण २००० मेगाजूल ऊर्जा असते असे धरू. म्हणजे साडेपाचशे युनिट. दिवसाला पाच-सहा युनिटे वापरणाऱ्या घराला ही तीन महिने पुरेल. पण केंद्राच्या दृष्टीने ती फक्त चार सेकंदांची वीज आहे! त्यातलीही सगळी वापरता येत नाही. वेग ५० वरून ४९ पर्यंत उतरला तर गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे जेमतेम चार टक्के बाहेर येते.

एवढ्याशा साठ्याचा उपयोग काय? कुंभाराच्या चाकाचा जो, तोच. एखादे केंद्र अचानक बंद पडले तर पहिल्या एक-दोन सेकंदांत उरलेल्या सर्व भोवऱ्यांमधून ऊर्जा आपोआप काढली जाते. कुणी बटण दाबायचे नसते. भोवरे किंचित मंदावतात, वारंवारता उतरू लागते, आणि ते पाहून धरणावरच्या झडपा अधिक उघडतात, टर्बाइनमध्ये जास्त वाफ सोडली जाते. जडत्व वेळ मिळवून देते, पाणी आणि कोळसा ती उणीव भरून काढतात.

तारेवर फांदी पडते तेव्हा

आता दोषाचा क्षण पाहू. उच्च दाबाच्या वाहिनीवर वीज कोसळली किंवा तार तुटून खांबाला टेकली की शॉर्ट सर्किट होते. त्या जागेच्या आसपास विजेचा दाब जवळजवळ शून्यावर येतो. पाण्याच्या नळाला मोठे भगदाड पडावे तसे. आजूबाजूच्या नळांतूनही धार येईनाशी होते.

जवळच्या केंद्रात काय होते? टर्बाइनला वाफ किंवा पाणी ढकलतच असते, पण दाबच नसल्याने जनित्राला वीज बाहेर पाठवता येत नाही. आत येणारी ऊर्जा चालू, बाहेर जाणारी बंद. उरलेली ऊर्जा जाते कुठे? भोवऱ्याच्या वेगात. तो इतरांच्या पुढे धावू लागतो. संरक्षक यंत्रणा साधारण एक दशांश सेकंदात दोष असलेली वाहिनी तोडते. तोवर जड भोवरा फारसा पुढे गेलेला नसतो, तो पुन्हा रांगेत येतो. तोडायला उशीर झाला तर पाऊल चुकते आणि ते केंद्र जाळ्याबाहेर काढावे लागते.

म्हणजे जडत्व दोन्ही वेळा कामी येते. उणीव असताना ते ऊर्जा देते, अडकलेली ऊर्जा ते पोटात घेते.

देवगडचा कातळ, वनकुसवड्याचे पठार

भारतातली पहिली प्रायोगिक पवनविद्युत केंद्रे १९८६ च्या सुमारास उभी राहिली. त्यांत कोकणातले देवगड होते. यंत्रे छोटी होती, ५५ किलोवॅटसारखी. जाळ्याच्या मानाने ती समुद्रातला थेंब. त्यांच्यासाठी नियम साधा होता: जाळ्यात काही गडबड झाली, दाब उतरला, की लगेच बाजूला व्हा. थेंब बाजूला झाल्याने समुद्राला काय फरक पडतो?

फरक नंतर पडू लागला. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर, १९९० च्या दशकाअखेरीपासून पवनचक्क्यांची रांगच उभी राहिली. चाळकेवाडी, ठोसेघर, सांगलीकडचे ढालगाव, धुळ्यातले ब्राह्मणवेल अशी नावे त्यात जोडली गेली. आज महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची एकूण क्षमता ५००० मेगावॅटच्या पुढे आहे. जोराचा वारा असताना एखाद्या भागातली बरीचशी वीज त्यांच्याकडून येते. अशा वेळी एका दोषाने दाब उतरला आणि सगळ्या जुन्या नियमाप्रमाणे एकदम बाजूला झाल्या, तर? दोष छोटा, पण तुटवडा मोठा.

जुन्या पवनचक्क्यांची आणखी एक अडचण होती. त्यांतल्या प्रवर्तन जनित्रांना आपले चुंबकत्व उभे करण्यासाठी जाळ्यातूनच प्रवाह ओढावा लागे. दोषात चक्रीचा वेग वाढला की ती जास्त प्रवाह ओढत, आणि दोष दूर झाल्यावरही दाबाला डोके वर काढू देत नसत. आधीच दमलेल्याच्या खांद्यावर ओझे टाकावे तसे.

नव्या पवनचक्क्यांत जनित्र आणि जाळे यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक परिवर्तक बसला. त्यामुळे चक्री हव्या त्या वेगाने फिरू शकते आणि जास्त वीज मिळते. पण याचा दुसरा अर्थ असा की चक्रीचे पाते कितीही जड असले तरी जाळ्याला त्याचे वजन जाणवत नाही. साखळी तुटली. शिवाय हे परिवर्तक नाजूक असतात. दोषाच्या वेळी त्यांतून जास्त प्रवाह गेला तर ते जळतात, म्हणून संरक्षण त्यांना चटकन बंद करते. सौरविजेत तर फिरणारे काहीच नसते.

तग धरण्याचा नियम

हा धोका आधी जर्मनीने ओळखला. २००३ मध्ये तिथल्या एका मोठ्या वीजवाहिनी कंपनीने नियम केला की दाब क्षणभर कोसळला तरी पवनचक्क्यांनी जागा सोडायची नाही. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये जोडणीच्या नियमांत बदल केला. ६६ किलोव्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाला जोडलेल्या, आणि एप्रिल २०१४ च्या मध्यानंतर सुरू होणाऱ्या पवनकेंद्रांनी दाब १५ टक्क्यांवर आला तरी ३०० मिलिसेकंद तग धरला पाहिजे, असा तो नियम आहे.

नियम कागदावर असून भागत नाही, हे दक्षिण ऑस्ट्रेलियाने अनुभवले. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने तिथे उच्च दाबाच्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. लागोपाठ अनेक वेळा दाब कोसळला. एखाददुसऱ्या झटक्याला पवनचक्क्या टिकल्या, पण थोड्या वेळात किती झटके सोसायचे याची मर्यादा काही यंत्रांच्या मांडणीत आधीच घातलेली होती. ती ओलांडताच ४५६ मेगावॅट काही सेकंदांत नाहीसे झाले. शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर सगळा भार गेला, तीही तुटली आणि पूर्ण राज्य अंधारात गेले. दोष वाऱ्याचा नव्हता. कुणी फारशी न तपासलेली एक मर्यादा होती, आणि तोल सावरायला जाळ्यात जड भोवरे फार थोडे होते.

साठवण परत आणणे

मग उपाय काय? जे आपोआप मिळत होते ते आता मुद्दाम बसवायचे.

पहिली जागा पवनचक्कीतच आहे. परिवर्तकाच्या मधल्या भागात एकदिश प्रवाह असतो. तिथे बॅटरी किंवा मोठ्या क्षमतेचे संधारित्र जोडले, तर दोषाच्या त्या तीनशे मिलिसेकंदांत अडकलेली ऊर्जा त्यात जाते. चक्रीचा वेग बेफाम वाढत नाही, परिवर्तक जळत नाही. दाब परत येताच तीच ऊर्जा जाळ्याला देता येते. साठवण नसेल तर ही ऊर्जा रोधकात उष्णता म्हणून जाळून टाकतात. त्याने पवनचक्की वाचते, पण जाळ्याला मदत मिळत नाही.

दुसरी जागा पवनकेंद्राच्या किंवा उपकेंद्राच्या दाराशी. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे पवनकेंद्राशेजारी १०० मेगावॅटची बॅटरी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात दूरच्या राज्यातला एक मोठा कोळशाचा संच अचानक बंद पडला, तेव्हा तिने सेकंदाच्या आत वीज देऊन वारंवारतेची घसरण अडवायला मदत केली. पुढे २०२२ मध्ये तिचे परिवर्तक जड भोवऱ्याच्या वागण्याची नक्कल करू लागले. भारतात जाळ्यासाठीची अशी पहिली मोठी बॅटरी, १० मेगावॅटची, दिल्लीत रोहिणी येथे २०१९ मध्ये बसली.

तिसरा उपाय वाचून कुंभाराला हसू येईल. त्याच ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये चार मोठी यंत्रे बसवली गेली. त्यांना ना कोळसा लागतो, ना पाणी. ती वीज तयार करत नाहीत. जाळ्याशी पाऊल जुळवून ती नुसती फिरत राहतात आणि त्यांच्या आसाला मुद्दाम एक जड चाक जोडलेले आहे. आधुनिक परिवर्तकांच्या गर्दीत पुन्हा कुंभाराचे चाक!

सेकंद, तास, ऋतू

इथे एक गोंधळ टाळायला हवा. सेकंदांची साठवण आणि तासांची साठवण या वेगळ्या गोष्टी आहेत. दोषातून सावरायला थोडी पण क्षणात मिळणारी ऊर्जा लागते. वारा पडलेल्या संध्याकाळी लागते ती खूप आणि सावकाश मिळाली तरी चालणारी. एकीचे काम दुसरीने होतेच असे नाही.

तासांच्या साठवणीत महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॅटचा असा संच आला की जो नको तेव्हाची वीज वापरून खालचे पाणी पुन्हा वर चढवू शकतो. शहापूर-अकोले सीमेवर घाटघरचे २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. चढवायला चार युनिटे लागली तर परत तीन-सव्वातीन मिळतात. पण रात्रीची नकोशी वीज संध्याकाळची हवीशी होते. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा कंपनीने राज्य सरकारशी भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला. शंभर वर्षांपूर्वीचीच घाटउताराची युक्ती, पण आता पाणी दोन्ही दिशांनी.

ऋतूंची साठवण पाहायची तर वनकुसवड्याच्या कड्यावरून खाली पाहावे. खाली कोयनेचा शिवसागर जलाशय दिसतो. साताऱ्याच्या पठारावर वारा सर्वांत जोराचा वाहतो तो पावसाळ्यात. कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी मात्र कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी इतके बांधून दिले आहे आणि त्याचे वर्ष १ जूनला सुरू होते. म्हणून वारा असताना कोयनेची जनित्रे थांबवली तर त्या पाण्याचा कोटा उन्हाळ्यासाठी शिल्लक राहतो. वारा असा पाण्यात साठवता येतो, एकही पंप न लावता.

या सगळ्याची परीक्षा किती कठीण असते हे मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० ला पाहिले. सकाळी दहाच्या सुमारास शहराला वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या. अशा वेळी मुंबईला बाकी जाळ्यापासून तोडून बेटासारखे चालू ठेवण्याची योजना १९८१ पासून होती. त्या दिवशी ते बेट तग धरू शकले नाही, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. यात पवनचक्क्यांचा संबंध नव्हता. पण धडा तोच होता: बेटात पुरेशी फिरती आणि साठवलेली ऊर्जा नसेल तर भिंत बांधून उपयोग नाही. हे बेट लहान होते, वाहिन्या तुटताच त्यावर पडलेला भार मोठा होता.

वर्गात करून पाहण्यासारखे

जुनी सायकल उलटी ठेवा, चाकाला डायनामो टेकवून दिवा जोडा. पेडल फिरवून हात काढा. दिवा लगेच विझतो की सावकाश? आता चाकाच्या आरीवर ओल्या चिंध्या सारख्या अंतरावर घट्ट बांधून कड जड करा आणि पुन्हा तितक्याच वेगाने सुरुवात करा. दिवा किती वेळ जास्त जळला ते मोजा. त्यानंतर पेडल फिरत असताना डायनामोच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकवा. दिवा विझेल. त्या क्षणी पेडल हलके झाले की जड, हे फिरवणाऱ्या मुलालाच सांगू द्या. मुलांचे उत्तर अनेकदा आधीच्या अंदाजाच्या उलट येते, आणि दोषात जनित्र का पळत सुटते ते त्यांना हाताने कळते. हा प्रयोग फक्त डायनामोवरच करायचा, घरातल्या विजेवर कधीही नाही, हे बजावून सांगावे.

आणि जवळपास कुंभार असेल तर एकदा मुलांना त्याच्याकडे न्यावे. मोटर बसवल्यावरही चाक जडच का ठेवले, एवढेच त्याला विचारायला सांगावे.